पॅरिसच्या दुकानांत मालाबरोबर काय विकले जाते?

फॅशनची राजधानी म्हणून पॅरिसचे नाव कापडाच्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु तेथील दुकानदारी चालते कशी आणि जुन्या वस्तूंचा बाजार कोणत्या नियमांवर उभा आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. आपले कारागीर ज्या हातकामावर पोट भरतात, त्याच कामाचे जुने नमुने तेथे काचेच्या कपाटात ठेवून विकले जातात. म्हणून हा बाजार समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

बुटिक म्हणजे साधे दुकान

आपल्याकडे बुटिक म्हटले की महागड्या कपड्यांचे दुकान डोळ्यांसमोर येते. फ्रेंच भाषेत मात्र बुटिक म्हणजे नुसते दुकान. तेथे गिऱ्हाइकाने आत शिरताच दुकानदाराला ‘बोंजूर’ म्हणण्याचा रिवाज आहे. न बोलता मालाला हात लावणे बेअदबी समजली जाते. मालावर किंमत लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे आणि नव्या मालाच्या दुकानात घासाघीस होत नाही. मोठी सवलतीची विक्री वर्षातून दोनदा, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, प्रत्येकी चार आठवडे असते. तिच्या तारखा सरकार ठरवते. म्हणजे बारा महिने ‘सेल’ची पाटी लावून गिऱ्हाइकाला भुलवता येत नाही.

एकच भाव ही पद्धत तेथेही नेहमीची नव्हती. आरिस्तीद बुसिको हा टोपीवाल्याचा मुलगा 1852 साली ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार झाला. सर्वांना एकच लिखित भाव, खरेदीची सक्ती न करता आत फिरण्याची मोकळीक आणि नापसंत माल परत घेण्याची हमी, हे उसूल त्याने आपल्या दुकानात पक्के केले. दुकानाची भरभराट झाली आणि ते आजही चालू आहे. आज महागड्या पर्स विकणारे ‘एर्मेस’ हे घराणेही 1837 साली घोड्यांचा साज तयार करणाऱ्या एका कारागिराने सुरू केले. दोघांचीही सुरुवात छोटी होती.

जुन्या वस्तूंचा बाजार

शहराच्या उत्तर वेशीबाहेर सेंतुआँ येथे जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार आहे. शहरातून बाहेर काढलेले भंगारवाले आणि चिंध्या गोळा करणारे तेथे बसू लागले. बाजाराची सुरुवात 1885 पासून धरतात. जुन्या गाद्या-कपड्यांतील पिसवांमुळे त्याला ‘पिसवांचा बाजार’ हे नाव पडले. आज तेथे फर्निचर, झुंबरे, गालिचे, जुने कापड आणि लेस विकणारे अनेक लहान बाजार एकमेकांना लागून आहेत. शनिवार ते सोमवार हे त्यांचे मुख्य दिवस. येथे मात्र अदबीने थोडी घासाघीस चालते.

शहरात द्रुओ हे लिलावघर 1852 पासून आहे. लिलावापूर्वी माल सर्वांना मोफत पाहता येतो. नव्या व्यापाऱ्यासाठी ती उत्तम शाळाच आहे. मात्र हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराला वेगळी फी भरावी लागते, हे बोली लावण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

एका शब्दाची किंमत

या धंद्याचा कणा म्हणजे 3 मार्च 1981 चा सरकारी हुकूम. वस्तूच्या नावापुढे ‘एपॉक’, म्हणजे अमुक काळातील, असे लिहिले तर ती खरोखर त्याच काळात बनल्याची हमी विक्रेत्यावर येते. ‘स्तील’, म्हणजे त्या धर्तीची, असे लिहिले तर काळाची कोणतीही हमी नसते. दोन खुर्च्या एकसारख्या दिसतात, पण या एका शब्दाने किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. गिऱ्हाइकाने मागितल्यास वस्तू कशाची, कुठली आणि किती जुनी, याबद्दल तोंडाने जे सांगितले ते बिलावर लिहून द्यावे लागते. याशिवाय जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला प्रत्येक खरेदी कोणाकडून केली याची नोंदवही ठेवावी लागते. चोरीचा माल पकडण्यासाठी पोलीस ती तपासतात.

म्हणून तेथे लबाडी होत नाही असे नाही. व्हर्सायच्या राजवाड्याला अठराव्या शतकातील म्हणून बनावट खुर्च्या विकल्या गेल्याचे प्रकरण 2016 साली उघडकीस आले आणि 2025 साली न्यायालयाने एका नामांकित तज्ज्ञाला व एका कारागिराला दोषी ठरवले. कागद आहे म्हणून डोळे मिटून घ्यावे असे नाही, पण कागद असला की गुन्हेगार सापडतो.

काश्मिरी शालीचा धडा

पॅरिसच्या जुन्या कापडांच्या दुकानांत काश्मिरी शाली हमखास दिसतात. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर त्यांची फॅशन पॅरिसमध्ये फैलावली. सम्राज्ञी जोसेफीनला त्यांचा मोठा शौक होता. मागणी पाहून फ्रेंच कारखानदारांनी जॅकार्ड मागावर नक्कल काढली. दोन्हींतला फरक उलट बाजूने कळतो. काश्मीरच्या काणी कामात प्रत्येक रंगाचा बाणा छोट्या लाकडी काडीवरून आपल्याच नक्षीपुरता फिरतो आणि शेजारच्या रंगाशी गुंतून मागे वळतो. जॅकार्डमध्ये बाणा पूर्ण पन्ह्यात धावतो आणि मागे सुटलेले धागे कापलेले असतात. शिवाय अनेक काश्मिरी शाली वेगवेगळे तुकडे विणून रफूगरांनी जोडलेल्या असत. तो जोड शोधायला अनुभवी नजर लागते.

1870-71 च्या युद्धानंतर फॅशन ओसरली आणि पॅरिसवर अवलंबून राहिलेल्या काश्मीरच्या विणकरांवर हलाखीची पाळी आली. एकाच बाजाराच्या भरवशावर राहण्याचा तो नतीजा होता. त्या शालींना आज मोल आहे, परंतु बहुतेकींवर विणणाऱ्याचे नाव नाही.

आपण काय करावे

काही जणांना वाटेल की घरातील जुन्या शाली, ताम्रपट तेथे पाठवून पैसा करावा. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. नवा माल जुन्यासारखा दिसत असेल तर तो पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा.

आपली खरी संधी नव्या मालात आहे. काश्मिरी पश्मिना आणि पैठणी यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, तरीही यंत्रमागाचा माल हातमागाच्या नावाने सर्रास खपवला जातो. यात गिऱ्हाईक एकदा फसते, पण कारागिराची मजुरी कायमची पडते. यंत्रमागाचा माल विकण्यात कमीपणा नाही. तो यंत्रमागाचा म्हणूनच विकावा. हातमागाच्या मालाबरोबर मात्र सूत कोणते, विणकाम कोणते, गाव कोणते, किती दिवस लागले आणि कोणी विणले, ही पाच उत्तरे लिहिलेली चिठ्ठी व पक्के बिल द्यावे. खर्च एका कागदाचा आहे. पॅरिसचा दुकानदार मालाबरोबर हाच लेखी भरोसा विकतो आणि त्याचे दामही वसूल करतो.