शंभर धन्यवचने

भाकरी मोडण्यापूर्वी, फळ मुखी घालण्यापूर्वी, मेघगर्जना ऐकताच ईश्वराला धन्य म्हणावयाचे, ही यहुदी धर्मातील नित्याची रीत. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजालाही ती परिचित आहे. या लहानशा वचनाला हिब्रू भाषेत ‘बेराखा’ म्हणतात. अशी शंभर वचने मनुष्याने दररोज उच्चारली पाहिजेत, असे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रब्बी मेईर यांनी सांगितले.

संख्या ऐकून हा कोरडा हिशेब वाटेल. परंतु तो काळ ध्यानी घ्यावा. जेरुसलेमचे मंदिर इ. स. 70 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले होते. 132 ते 135 चा उठाव चिरडला गेला आणि मेईर यांचे गुरू अकिवा यांचा रोमनांनी वध केला. यज्ञवेदी उरली नव्हती. घरातील ताटालाच वेदीचे पावित्र्य आणावयाचे होते. धर्मग्रंथांच्या प्रती लिहून उपजीविका करणाऱ्या मेईरांनी अक्षराइतकाच क्षणही जपला.

परंपरा सांगते की, एका शब्बाथच्या दिवशी त्यांचे दोन्ही पुत्र निवर्तले. पत्नीने सायंकाळपर्यंत दुःख गिळले आणि मग विचारले, “कोणी ठेवावयास दिलेली ठेव मागितली, तर परत करावी ना?” “केलीच पाहिजे,” ते उत्तरले. तेव्हा तिने त्यांना मुलांपाशी नेले.

इष्टाप्रमाणे अनिष्टासाठीही ईश्वराला धन्य म्हणावे, अशी मेईरांची शिकवण होती. लाभाच्या वेळी हे सोपे असते. ठेव परत जाते त्या घटकेस वाणी डळमळू नये, म्हणून ही रोजची शंभर वेळांची साधना.