वीस ग्रॅम

कॅथलॅबच्या काचेअलीकडे माझी खुर्ची. पलीकडे शिशाचा एप्रन घातलेले डॉक्टर आणि भूल दिलेला पेशंट. जांघेतल्या शिरेतून वर सरकवलेला कॅथेटर हृदयाचा मधला पडदा ओलांडून डाव्या कर्णिकेत पोचलाय.

"कुठे टेकला नाहीये. झिरो कर."

टोक रक्तात मोकळं आहे ना, हे सिग्नलवरून बघतो आणि आकडा शून्यावर आणतो. टोक भिंतीला जरा घासत असताना झिरो केलं, तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा. मासळीबाजारात तराजूचं पारडं आधी रिकामं बघतात, तेवढंच हे काम. पण पुढचे दोन-तीन तास त्यावर उभे असतात.

पेशंटला एट्रियल फिब्रिलेशन आहे. यात कर्णिका आकुंचन पावायचं सोडून नुसती थरथरते. या थरथरीच्या ठिणग्या बहुतेक वेळा फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडतात, हे 1998 साली बोर्दोच्या मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणून त्या तोंडांभोवती ठिपक्याला ठिपका लावत भाजून कडं करायचं. भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. दाब कमी पडला की डाग वरवरचा राहतो, काही महिन्यांनी तिथूनच वीज पुन्हा पलीकडे जाते. जास्त झाला तर भोक पडायची भीती.

मी मुरबे गावचा. बाबा गळ टाकायचे, तेव्हा शिसं दगडावर बसलं की चिखलात, हे त्यांना बोटावरच्या दोरीतून कळायचं. जुने डॉक्टरही असंच हातावर काम करत. जोडीला एक्स-रेत टोक कसं हलतंय ते बघायचं, सिग्नलची उंची बघायची. पण दोरी सरळ खाली जाते. कॅथेटर मीटरभराहून लांब, दोन ठिकाणी वळलेला आणि बाहेरून आवरणनळी. हाताला लागतं ते बरंचसं नळीचं घर्षणच.

आता टोकामागेच मोजमाप बसवलेलं असतं. एका जातीत बारीक स्प्रिंग असते आणि ती किती दबली हे चुंबकीय संवेदक सांगतात. दुसरीत केसासारखे तीन प्रकाशतंतू, जे वाकले की परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते. अमेरिकेत दोन्हींना 2014 मध्ये परवानगी मिळाली. आमच्या पडद्यावर ग्रॅमचा आकडा येतो, दाब कुठल्या दिशेला आहे त्याचा बाण, आणि ठोक्याबरोबर वरखाली होणारी रेघ.

हा दाब साधारण किती असतो, ते घरी सांगताना मी बाबांच्या तळहातावर दहाची तीन नाणी ठेवली. तेवीस ग्रॅम.

"एवढंच? एवढ्यानं बोंबलालापण खड्डा पडणार नाही."

पण हा थोडका दाबच निकाल फिरवतो. टोकाटा नावाच्या छोट्या अभ्यासात ज्या पाच जणांवर सरासरी दहा ग्रॅमपेक्षा कमी दाब पडला होता, त्या पाचही जणांचा त्रास वर्षभरात परतला. वीसच्या वर दाब पडलेल्या दहांपैकी आठ जण बरे राहिले. माणसं मोजकी, तरी त्यानंतर दहाच्या खालचा आकडा बघून मला स्वस्थ बसवत नाही.

मात्र नुसत्या ग्रॅमवर विसंबणारा फसतो. एका क्षणी तीस आणि दुसऱ्या क्षणी चार, याची सरासरी छानच दिसते. म्हणून दाब, वेळ आणि वीजशक्ती एकत्र करून एक निर्देशांक काढतात. बेल्जियममधल्या क्लोज पद्धतीत पुढच्या भिंतीला तो किमान 550, मागच्या भिंतीला 400, आणि दोन ठिपक्यांत सहा मिलिमीटरहून जास्त अंतर नको. मागे कमी, कारण तिथे अन्ननलिका चिकटून असते. तिला इजा झाली तर ती जिवावर बेतते. मागच्या भिंतीवर आले की डॉक्टर बोलायचे थांबतात.

आज चारही शिरा शांत झाल्या, सिग्नलच्या रेघा सपाट. वीस मिनिटं थांबायचं ठरलं. चौदाव्या मिनिटाला उजव्या दोन शिरांच्या मधल्या कंगोऱ्यावर सिग्नलचं बारीक टोक उगवलं.

"आहे अजून," मी म्हटलं.

कॅथेटर तिथे नेला. अकरा, सोळा, सात. श्वासाबरोबर भिंतच सरकत होती. भूलतज्ज्ञांनी व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवला. सतरा, अठरा, अठरा. बाण भिंतीकडे सरळ. पेडल दाबलं गेलं, काही सेकंदांत ते टोक विझलं.

मी वेळ टिपून घेतली. आणखी वीस मिनिटं.