बाहुल्यांचा भयपट

बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे. पुन्हा हलवायची, पुन्हा छायाचित्र. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी २४ चित्रे लागतात. याच तंत्राने टिम बर्टन यांनी २०१२ साली 'फ्रँकनवीनी' हा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यातला व्हिक्टर हा मुलगा आपल्या मेलेल्या कुत्र्याला, स्पार्कीला, विजेच्या साहाय्याने जिवंत करतो. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन'ला दिलेली ही मानवंदनाच होय.

जुन्या चित्रपटात संतापलेला जमाव राक्षस शिरलेली पवनचक्की पेटवून देतो. इथेही पवनचक्की पेटते. पण व्हिक्टरला वाचवून स्पार्की प्राण सोडतो, तेव्हा पाठलाग करणारे तेच गावकरी आपल्या मोटारींच्या बॅटऱ्या जोडून त्याला उठवतात. ज्याला राक्षस ठरवले त्याला जवळ करणेही माणसांच्याच हाती असते, हे मुलांना येथे उपदेशाविना कळते.