भोलारामची बायको: प्रयोगाचा दिवस

सकाळी ६.३०
चहा उकळेपर्यंत माझे सगळे संवाद तोंडातल्या तोंडात म्हणून होतात. आज संध्याकाळी शहीद स्मारक भवनात आमच्या कॉलेजच्या नाट्यमंडळाचा प्रयोग आहे. हरिशंकर परसाईंच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेचं नाट्यरूप आम्ही मुलांनीच केलंय. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी पेन्शन न मिळालेला भोलाराम मरतो. त्याचा जीव यमदूताच्या हातून निसटतो आणि तो शोधायला नारदमुनी थेट आमच्या जबलपुरात येतात. परसाई याच शहरात लिहीत राहिले, १९९५ साली इथंच गेले. भोलारामचं घर त्यांनी घमापुरात, नाल्याकाठी ठेवलं. माझी रोजची बस घमापूर चौकातूनच जाते. नाटकात मी भोलारामची बायको आहे.

सकाळी ७.३०
आजी देवपूजा आटोपून कागद काढून बसलीय. आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. ते गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पासबुक आणि कागद एका पिशवीत असतात, वर रबर. रबर काढून ती आधी मनगटात चढवते, कागद मांडीवर ठेवते, तळव्यानं घडी सपाट करते. कुणाला कागद द्यायचा झाला, तर स्वतःकडचं टोक जरा उशिरा सोडते. माझी भूमिका मला या उशिरा सुटणाऱ्या टोकात सापडली.

सकाळी ९.३०
कॉलेजच्या हॉलमध्ये शेवटची तालीम. नारद आणि भोलारामची बायको यांचा प्रवेश नाटक बसवणारे सर पुन्हा घ्यायला लावतात, तोही एकमेकांकडे पाठ करून. चेहरा दिसत नसला की फक्त आवाज उरतो आणि समोरचा काय म्हणतोय ते खरोखर ऐकावं लागतं. सुरुवातीला आम्ही दोघंही आपापली वाक्यं पाठ म्हणत होतो. त्याचं संपलं की माझं सुरू. आता तो घाईत विचारतो तेव्हा माझं उत्तर आपोआप अडखळतं आणि तो हळू विचारतो तेव्हा मला रडू आवरावं लागतं. वाक्यं तीच असतात. तालमींनी मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे ऐकणं.

दुपारी १.००
टेम्पोतून सामान उतरवतो: एक टेबल, दोन बाकं, फायलींचे गठ्ठे, वीणा. हीच एकांकिका पुढं युवा महोत्सवात न्यायची आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटं आणि नऊ जण, पडद्यामागचे धरून. मोकळ्या रंगमंचापासून मोकळ्या रंगमंचापर्यंत घड्याळ चालू. म्हणून यमदूत झालेला मुलगाच पुढं पेन्शन ऑफिसातला चपराशी होतो आणि यमलोकातल्या धर्मराजाचं टेबल नुसतं फिरवलं की साहेबाचं होतं. नियमामुळं केलेली ही काटकसर नाटकाच्या कामी आली, कारण वरच्या आणि खालच्या दरबारात एकच फर्निचर आहे हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

दुपारी ३.३०
टेक्निकल तालीम. लाइट लावेपर्यंत मंगोड्यांचा, म्हणजे मूगडाळीच्या भज्यांचा, पुडा फिरतो. शहीद स्मारकाच्या भिंतींवर ब्योहार राममनोहर सिन्हांची स्वातंत्र्यलढ्याची चित्रं आहेत. संविधानाच्या उद्देशिकेचं पान सजवणारे जबलपूरचे कलावंत ते हेच. चित्रांमधल्या गर्दीत एकही माणूस नुसता उभा नाही, प्रत्येक जण काहीतरी करतोय. आमच्या ऑफिसच्या प्रवेशात मागं उभ्या राहणाऱ्या मुलांना सर तीच भिंत दाखवतात.

सायंकाळी ६.००
मेकअप. केसांना पांढरा हात, सुती लुगडं, मनगटात आजीकडून मागून आणलेलं रबर.

सायंकाळी ७.००
तिसरी घंटा. नारद घमापूरचं नाव घेतो आणि सभागृह हसतं. तालमीत इथं कधीच हसू आलेलं नव्हतं. नारद थांबतो, हशा ओसरू देतो, मगच पुढचं वाक्य टाकतो. सकाळी आम्ही एकमेकांचं ऐकत होतो, आता तो प्रेक्षकांचंही ऐकतोय. मी पेन्शनचा अर्ज पुढं करते, टोक सोडत नाही. तो ओढत नाही, वाट पाहतो. पुढं ऑफिसात फाइल हलावी म्हणून साहेब वजन मागतो आणि नारदाची वीणाच ठेवून घेतो. तेव्हा मागच्या रांगांमधून आलेला हुंकार विंगेत मला स्पष्ट ऐकू येतो. भोलारामचा जीव पेन्शनच्या फायलीतच अडकलेला सापडतो आणि तिथून निघायला तो तयार नसतो. २८ मिनिटांत रंगमंच मोकळा.

रात्री ८.३०
सामान टेम्पोत. धर्मराज झालेला मुलगा बाकं उचलतो, मी फायली मोजून बांधते. आजी पहिल्या रांगेत होती. कागद मी बरोबर धरला, एवढंच ती म्हणाली.

विद्यार्थ्यांच्या नाटकाला भारी नेपथ्य मिळत नाही, पण तालमीला वेळ मिळतो, आणि दुसऱ्याचं ऐकायला शिकवणारा इतका चांगला वर्ग मला कॉलेजात दुसरा सापडला नाही. तुमच्या शहरात कॉलेजच्या मुलांचा प्रयोग लागला, तर जरूर जा. घरात कुणी पेन्शनर असतील, तर त्यांनाही सोबत न्या.