पावसाळी सुट्टी आणि अंगणातील माती

सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. त्यापूर्वी शनिवारचा अर्धा दिवस कामातच जात असे. सलग दोन दिवस घरी राहण्याचे सुख आमच्या पिढीतील बँक कर्मचाऱ्यांना नोकरीच्या उत्तरार्धात लाभले. त्यातही आषाढ-श्रावणातील सुट्टीची गोडी अधिक. कारण संततधारेमुळे बाहेरचे बेत रद्द होतात आणि घरातील सारी माणसे एकाच वेळी घरी सापडतात.

अशा सकाळी कोल्हापूरकरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली, हे कोणी विसरलेले नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठच्या आप्तांना दूरध्वनी जातो, "सामान घेऊन आमच्याकडे या." मग पाहुण्यांनी घर भरते. संकटाच्या छायेतही आपुलकीचे दोन दिवस पदरी पडतात.

चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असल्याने स्वयंपाकघरात दोडका, पडवळ, कारले आणि घेवड्याचे राज्य असते. मूगडाळीची गरम भजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एवढा बेत पुरेसा होतो. आभाळ भरून आल्यावर दिवस मावळल्याचा भास होतो. म्हणून सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. लवकर जेवण उरकले की स्वाध्यायाला आणि नातवंडांच्या गोष्टींना निवांत वेळ उरतो.

पावसाची उघडीप मिळताच अंगणात जावे. कलमे लावण्यास यासारखा काळ नाही. जास्वंदाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची काडी पेराखाली तिरकी कापावी, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत आणि दोन पेरे मातीत जातील अशी ती लावावी. दमट हवेत ती सहसा जगते. कुंड्यांच्या तळाची छिद्रे मोकळी करावीत. कुंडीखालच्या ताटल्यांतील पाणी साठू देऊ नये. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. रोपांवर गोगलगायी दिसल्या, तर विषारी दाणे टाकू नयेत. त्या अलगद उचलून कुंपणापाशी ओल्या पाचोळ्यात सोडाव्यात. हे काम मुले आनंदाने करतात आणि अहिंसेचा पाठही त्यांना न सांगता मिळतो.

हे सारे सुख अंगणात माती असेल तरच लाभते. आज मात्र चिखल नको, मोटार उभी करता यावी, म्हणून अनेक घरांची अंगणे सिमेंटच्या ठोकळ्यांनी कडेपर्यंत झाकली गेली आहेत. एक साधा हिशेब मांडू. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 4,600 लिटर पाणी जमा होते. अंगणात माती असेल तर त्यातील काही मुरते. सिमेंट असेल तर जवळजवळ सगळेच गटारात आणि तेथून सखल वस्तीत शिरते. एका अंगणाने महापूर अडणार नाही, हे खरे. परंतु गल्लीतील प्रत्येक घराने हेच केले, तर थोड्या पावसातही रस्त्याचा ओढा होतो आणि उन्हाळ्यात विहिरी व कूपनलिका लवकर आटतात.

म्हणून येत्या पावसाळी सुट्टीत घरातल्यांना एकत्र बसवून एवढेच ठरवावे : अंगणाचा निदान एक कोपरा मातीचा राहील. मोटारीच्या चाकांपुरती फरशी ठेवून मधली पट्टी उघडी केली तरी चालेल. गच्चीचे पाणी नळीने त्या कोपऱ्याकडे वळवावे आणि तेथे एक पारिजातक लावावा. पुढच्या काही वर्षांत पावसाळ्याच्या अखेरीस सकाळी देवपूजेची फुले नातवंडे तेथूनच वेचून आणतील.