शंभर पानांत वर्षभराचा अभ्यास

जव्हार : पाठ्यपुस्तकातच वहीची पाने बांधून देण्याचा राज्य शासनाचा प्रयोग दोन शैक्षणिक वर्षांनंतर आवरता घेण्यात आला. मार्च २०२३ मधील निर्णयानुसार २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत कोरी पाने आली आणि पुस्तकांचे चार भाग झाले. दप्तराचे ओझे घटावे आणि वही घेणे ज्यांना परवडत नाही त्या मुलांच्या हाती लिहिण्यापुरता कागद यावा, असे त्यामागचे दोन हेतू होते. ही पाने अपेक्षेप्रमाणे वापरली गेली नाहीत, मुले पुस्तकांबरोबर वह्याही आणतच राहिली, असे आढळल्याने जानेवारी २०२५ मध्ये निर्णय रद्द झाला.

शहरी घरांना या बदलाचा फारसा फरक पडला नाही. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांची गोष्ट वेगळी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील या दोन तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर व कातकरी समाजांची वस्ती मोठी आहे. भाताची कापणी आटोपली की येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुले बरोबर गेली तर त्यांचे जवळजवळ सगळे दुसरे सत्र बुडते. अशा मुलांच्या बाबतीत वही ही केवळ उत्तरे लिहिण्याची जागा राहत नाही. अभ्यास कुठपर्यंत आला होता, याचा तो एकमेव पुरावा असतो.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील केंद्राच्या २०१०च्या नियमांत सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके आणि गणवेशाबरोबरच लेखनसाहित्यही मोफत मिळण्याचा उल्लेख आहे. व्यवहारात पुस्तके मुलांपर्यंत पोहोचतात. वही-पेन्सिलीची सोय मात्र बहुतेक वेळा पालकांना किंवा देणगीदारांना करावी लागते.

दुसरीकडे, केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले आहे. राज्यानेही २०१५ मध्ये हीच मर्यादा घातली होती. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास, असे या धोरणाचे प्रमाण आहे. म्हणजे प्रत्येक विषयाला दोन-दोन वह्यांची गरजच नाही. थोडा कागद, पण ठरावीक कामासाठी, हे सूत्र पुरेसे आहे.

एक वही, तीन कामे

कोऱ्या पानांच्या प्रयोगातून मिळणारा धडा हाच आहे. पान दिले म्हणजे नियोजन येत नाही. त्या पानावर काय, केव्हा आणि कोणी पाहायचे हे आधी ठरावे लागते. विषयांच्या वह्यांखेरीज शंभर पानांची एक साधी वही नियोजनासाठी राखली, तर वर्षभराचा हिशेब तीत बसतो. कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस असतात. सहा दिवसांचा आठवडा धरल्यास ते साधारण ३७ आठवडे होतात. आठवड्याला समोरासमोरची दोन पाने दिली तर ७४ पाने लागतात आणि २६ शिल्लक राहतात.

डावे पान वेळापत्रकाचे. त्यावर शाळेच्या तासांबरोबर घरची कामेही लिहावीत. पाणी भरणे, गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे यांत मुलाचा किती वेळ जातो हे मांडल्याशिवाय अभ्यासाची वेळ ठरवणे व्यर्थ आहे. उजव्या पानावर चार रकाने आखावेत : तारीख, विषय, काय करायचे आणि झाले की नाही. राहिलेले काम शनिवारी पुढच्या आठवड्याच्या पानावर उतरवावे. ही शनिवारची पाच मिनिटे शिक्षकांनी पाहिली तरच सवय टिकते.

उरलेली पाने हे तिसरे काम. त्यांवर प्रत्येक विषयातील शेवटचा पूर्ण झालेला धडा, अडलेली गणिते आणि पुढे करायचा भाग यांची नोंद महिन्यातून एकदा व्हावी. स्थलांतर करणाऱ्या मुलांना नव्या ठिकाणच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून राज्यात शिक्षण हमी पत्रक दिले जाते. दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश लांबवू नये, असे कायदाही सांगतो. पत्रकामुळे वर्गात जागा मिळते. पण अपूर्णांक शिकवून झाले आहेत की नाहीत, हे नव्या शिक्षकांना वहीवरूनच कळेल. १९९०च्या दशकात विधायक संसद या संस्थेने तत्कालीन ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या, त्यामागेही अभ्यासाचा धागा तुटू नये हाच विचार होता.

देणगीदारांसाठी

जूनमध्ये वह्यावाटपाचे कार्यक्रम मोठ्या संख्येने होतात. वाटपाआधी शाळेला विचारणे शहाणपणाचे. लहान वर्गांना मराठी लेखनासाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चाररेघी आणि गणितासाठी चौकटींची वही लागते. दोनशे पानी एकरेघी वह्यांचा गठ्ठा त्यांच्या उपयोगाचा नसतो. या भागात पाऊस मुसळधार असतो, त्यामुळे वहीसोबत जाड प्लॅस्टिकची पिशवी दिल्यास कागद टिकतो. कार्यालयांतील पाठकोरे कागद शिवून कच्च्या कामासाठी उत्तम वह्या होतात. सगळे साहित्य जूनमध्येच संपवण्यापेक्षा काही वह्या व पेन्सिली दिवाळीपूर्वी देण्यासाठी राखून ठेवाव्यात. भट्टीकडे निघणाऱ्या मुलाच्या हाती तेव्हा कोरा कागद आणि अर्धी भरलेली नियोजनाची वही, दोन्ही असायला हवे.