चांद्याचा इतिहास शिकायला बसताना

बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असो, बीएला इतिहास घेता येतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालये 2011 पासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्याआधी ती नागपूरकडे होती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथे वर्ष केल्यास ऑनर्स.

पहिल्या वर्षी अनेकांना धक्का बसतो तो सनावळ्यांमुळे नाही. ‘हे कशावरून?’ या प्रश्नामुळे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांची वंशावळ घ्या. तिचा मोठा आधार म्हणजे 1869 चा मेजर ल्युसी स्मिथ यांचा जमीन महसुलाचा अहवाल. शेतसारा ठरवायला आलेल्या अधिकाऱ्याने लोकांकडून ऐकलेले लिहून घेतले, आणि पुढे तेच पुस्तकांत आले. म्हणून त्यांच्यापैकी खांडक्या बल्लाळशहा या राजाची गोष्ट वाचताना ती कोणी, कधी, कशासाठी नोंदवली हे आधी पाहायचे. इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाके यांचेही तसेच. त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपुरात फाशी झाली. सरकारी कागदात ते बंडखोर, गोंडी गाण्यांत वीर. दोन्ही साधनेच, उलटतपासणी मात्र दोघांचीही.

भोसलेकालीन कागदांसाठी मोडी लिपी शिकावी लागते. ती लवकर शिकलेली बरी, तिसऱ्या वर्षी कोणाला सवड नसते! गोंडी घरात बोलली जात असेल, तर तुमच्या हाती असे साधन आहे जे नागपूर-पुण्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांकडे नाही. सुट्टीत आजीजवळ वही घेऊन बसा. मार्कंड्याची देवळे आणि चंद्रपूरचा परकोट तर बसच्या तिकिटात दिसतात.